मनाचें दुखणें सांगणें ही दुर्बलता आहे काय?

शेतांत काम करितांना एखाद्या तरुणाचा पाय मोडला, तर त्यास कोणी "मन घट्ट कर आणि चालूं लाग" असें म्हणत नाहीं. चार माणसें धांवतात, बाज आणितात, वाहन मिळवितात, आणि त्यास अमरावतीस किंवा अकोल्यास दवाखान्यांत पोंचवितात. त्याचा बाप उसनवारी करितो, शेजारीण त्याच्या घरच्या गुरांस चारा घालते, आणि मंडळींत त्याचें नांव घेऊन प्रार्थना होते. पाय मोडला हें सांगण्याची त्या तरुणास लाज वाटत नाहीं, व तें ऐकून कोणी त्याच्या शीलाविषयीं शंका घेत नाहीं. परंतु त्याच तरुणाची झोप उडाली, अन्न गोड लागेनासें झालें, कामांत जीव रमेना, आणि आपण नसलों तर बरें असे विचार त्याच्या मनांत घोळूं लागले, तर काय होतें? माय विचारते, "काहून रे बाबू, असा गुमसुम बसला?" तो म्हणतो, "काही नाही वो माय." आणि बहुधा तेथेंच बोलणें संपतें.

पाय मोडल्यावर हांक मारणें हें शहाणपण, आणि मन मोडल्यावर हांक मारणें ही दुर्बलता, असा भेद आपण कोणत्या आधारावर केला? हा प्रश्न केवळ वैद्यांचा नाहीं. जो हांक मारितो त्याचें कर्तव्य काय, जो हांक ऐकतो त्याचें कर्तव्य काय, आणि कानांवर पडलेली गोष्ट राखावी कीं सांगावी, हे सर्व नीतीचे प्रश्न आहेत. खेड्यांतील उपदेशक, शिक्षक व वडील मंडळी ह्यांस ते आज ना उद्यां सोडवावेच लागतात. म्हणून त्यांचा शांतपणें विचार करूं.

प्रथम आपल्या वऱ्हाडांतील तरुणांवर कोणकोणतीं ओझीं आहेत तीं पाहूं. कपाशी, सोयाबीन व तूर हीं येथील पिकें बहुतांशीं पावसाच्या भरंवशावर. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत तर जमिनींतील पाणीही खारें. शेती करणाऱ्या मुलास मुलगी द्यावयास लोक तयार होत नाहींत. म्हणून मुलगा शिकतो, पहाटे उठून पोलीस भरतीसाठीं धांवतो, आणि एका जागेसाठीं शेंकडों मुलें उभीं असलेलीं पाहून मागें फिरतो. अकोला शहर आतां शिकवणी वर्गांचें मोठें केंद्र झालें आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं दूरदूरच्या खेड्यांतील मुलें-मुली तेथें खोली घेऊन राहतात. बापानें कर्ज काढून भरलेली फी त्यांस पुस्तकाच्या प्रत्येक पानावर दिसते. मुलींचें ओझें आणखी निराळें. कित्येकींचें शिक्षण मध्येंच थांबतें, लग्न घाईनें होतें, आणि सासरीं मन मोकळें करावयास कोणी नसतें. शिवाय ज्या घरांतील कर्ता पुरुष कर्जापायीं स्वतःच्या जिवावर उठून गेला, अशीं घरें ह्या प्रांतांत थोडीं नाहींत. त्या घरांतील मुलें आपलें दुःख गिळून आईचें दुःख सांभाळीत वाढतात.

हें केवळ वऱ्हाडाचेंच रडगाणें आहे असेंही नाहीं. सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत १,७०,९२४ लोकांनीं स्वतःचा जीव घेतला. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते, आणि सर्व राज्यांत महाराष्ट्राचा आंकडा सर्वांत मोठा होता. बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेनें २०१५-१६ सालीं देशाच्या मानसिक आरोग्याची पाहणी केली. तींत १३ ते १७ वयाच्या मुलांपैकीं शंभरांत सुमारें सातांस कांहीं ना कांहीं मानसिक विकार असल्याचें दिसून आलें. त्याच पाहणीनें हेंही दाखविलें कीं, विकाराच्या प्रकाराप्रमाणें शंभर रोग्यांतील ७० पासून ९२ पर्यंत लोकांस उपचार मिळतच नाहीं. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, मोठेपणीं दिसणाऱ्या मानसिक विकारांपैकीं निम्म्यांचा आरंभ चवदाव्या वर्षाच्या आंतच झालेला असतो. म्हणजे ज्या वयांत आम्ही मुलास "तुला कसली आली रे चिंता" असें म्हणून हंसतों, त्याच वयांत पुष्कळदां दुखण्याची मुळी धरलेली असते.

येथें एक विवेक मात्र केला पाहिजे. प्रत्येक दुःख म्हणजे आजार नव्हे. आजी वारली, परीक्षेंत अपयश आलें, मित्र दुरावला, तर रडूं येणें हें निरोगी मनाचें लक्षण आहे. शेतकऱ्यास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं. भर उन्हांत पऱ्हाटीचीं पानें माना टाकितात, पण सांज झाली कीं तीं पुनः उभीं राहतात. त्यास कोणी रोग म्हणत नाहीं. परंतु तुरीवर मर आली म्हणजे सांज होऊनही झाड उठत नाहीं, कितीही पाणी घातलें तरी उठत नाहीं, कारण बिघाड मुळाशीं असतो. मनाचेंही असेंच आहे. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक दिवस रोजच्या रोज टिकला, झोप व भूक बिघडली, आवडीचीं कामें नकोशीं झालीं, मुलगा मित्रांस टाळूं लागला, विनाकारण चिडूं लागला, किंवा मी सर्वांस ओझें झालों आहें असें बोलूं लागला, तर तो दुपारच्या उन्हाचा परिणाम नव्हे. तेथें जाणत्याची मदत पाहिजे. आणि मरणाचा विचार बोलून दाखविला, तर दोन आठवडे मोजीत बसूं नये. त्याच दिवशीं मदत शोधावी.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, ज्याचें मन दुबळें त्यासच असे विचार येतात. मजबूत माणूस सहन करितो. हा आक्षेप अनुभवास उतरत नाहीं. 'श्यामची आई' लिहून ज्यांनीं महाराष्ट्रांतील लक्षावधि मुलांस प्रेम शिकविलें, ज्यांनीं तुरुंगवास सोसला, आणि पंढरपूरचें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून १९४७ सालीं प्राण पणास लाविला, त्या साने गुरुजींनीं ११ जून १९५० रोजीं आपल्या जीवनाचा अंत करून घेतला. त्यांस कोण दुबळे म्हणेल? त्यांच्या अंताचें समर्थन करण्यासाठीं हें सांगत नाहीं. त्यांच्या मागें राहिलेल्यांस तो अंत किती जड गेला असेल हें सांगणें नलगे. सांगावयाचें तें इतकेंच कीं, चांगुलपणा, धैर्य व विद्या हीं असलीं म्हणजे मनास दुखणें येत नाहीं, हा समज खोटा आहे. बळकट माणसासही हिंवताप येतो. दुर्बलता कशास म्हणावें? जें ओझें एकट्यास उचलत नाहीं, तें एकट्यानेंच उचलण्याचा हट्ट धरून खालीं चिरडून जाणें ह्यांत बळ नाहीं. पोतें जड असलें म्हणजे हमालही दुसऱ्यास हात लावावयास सांगतो.

दुसरा आक्षेप आपल्या मंडळींत विशेष ऐकूं येतो. ज्याचा विश्वास पक्का आहे त्यास निराशा कशी येईल? त्यानें प्रार्थना करावी, म्हणजे झालें. असें म्हणणाऱ्यांनीं एलीया संदेष्ट्याची गोष्ट पुनः वाचावी. कर्मेल डोंगरावर एवढें मोठें कार्य ज्याच्या हातून झालें, तोच पुढें थोड्याच दिवसांत रानांत एका झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला. त्या वेळीं देवानें त्यास काय पाठविलें? धिक्कार नाहीं, उपदेशही नाहीं. प्रथम झोप, मग भाकर व पाणी, पुनः झोप, आणि पुनः भाकर व पाणी. त्यानंतर त्याचें म्हणणें ऐकून घेतलें, एकदां नव्हे तर दोनदां. आणि शेवटीं त्यास अलीशासारखा सोबती दिला. शरीराची काळजी, शांतपणें ऐकून घेणें, आणि सोबत, हा क्रम आजचे वैद्यही सांगतात. संदेष्ट्याच्या निराशेस जेथें अविश्वास म्हटलें नाहीं, तेथें दहावींत नापास झालेल्या मुलास अविश्वासी म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? प्रार्थना जरूर करावी. परंतु साप चावल्यावर प्रार्थना करीत करीत आपण दवाखान्यांतच जातों, आणि त्यामुळें प्रार्थनेचा अपमान झाला असें कोणास वाटत नाहीं.

तिसरा आक्षेप लोकलज्जेचा. "लोक वेडा म्हणतील, बहिणीचें लग्न जुळणार नाहीं, नागपूरच्या इस्पितळाचा शिक्का बसेल." ही भीति निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं, लोक बोलतात हें खरें आहे. परंतु ह्याच अमरावती जिल्ह्यानें लाजेचा परिणाम एकदां पाहिला आहे. महारोगाचा पहिला पांढुरका, बधिर डाग लोक सदऱ्याखालीं लपवीत, आणि बोटें झडूं लागल्यावर घराबाहेर काढले जात. अचलपूरजवळच्या कोठारा येथें मिशनच्या लोकांनीं, आणि अमरावतीजवळ तपोवनांत डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनीं अशा टाकलेल्या लोकांस जवळ केलें. पुढें १९८० नंतरच्या काळांत अनेक औषधांचा एकत्रित उपचार आला, आणि डाग लौकर दाखविणारा मनुष्य व्यंग न येतां बरा होऊं लागला. रोग तोच होता. ज्यानें तो लौकर दाखविला तो वांचला, व ज्यानें लाजेनें लपविला त्याचीं बोटें गेलीं. म्हणजे नुकसान रोगानें जितकें केलें, तितकेंच लपविण्यानें केलें. मनाच्या दुखण्यासही हीच गोष्ट लागू आहे. आणि ही लाज दूर करणें हें रोग्याचें काम नाहीं, तें आपलें काम आहे. त्यानें निर्भय व्हावें असें सांगण्याआधीं आपण त्यास हंसणें सोडलें पाहिजे.

चवथा आक्षेप व्यवहाराचा आहे: खेड्यांत मनाचा डॉक्टर कोठून आणावा? ह्याचें उत्तर आपल्याच जिल्ह्यानें दिलें आहे. अमरावती जिल्ह्यांतील ३० खेड्यांत 'विश्राम' नांवाचा एक उपक्रम चालविण्यांत आला, आणि त्याची हकीकत २०१७ सालीं 'लॅन्सेट सायकिॲट्री' ह्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. त्याची रीत साधी होती. गांवांतीलच माणसांस शिकवून तयार केलें. त्यांनीं घरोघर जाऊन मनाच्या दुखण्याविषयीं बोलावें, दुःखितांचें ऐकावें, समुपदेशकाची गांठ घालून द्यावी, आणि ज्यांस औषधाची गरज असेल त्यांस डॉक्टरपर्यंत पोंचवावें. पूर्वीं त्या भागांत उदासीनतेच्या आजारानें पीडलेल्या शंभरांपैकीं सुमारें ४ लोकच मदत घेत. दीड-दोन वर्षांनंतरच्या पाहणींत ती संख्या २७ झाली. मरणाचे विचार मनांत आल्याचें सांगणारांचें प्रमाण शंभरांत सुमारें ५ होतें, तें अडीचाच्या आसपास आलें. ह्या मदतीचा लाभ स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत आणि निरनिराळ्या जाति व धर्म ह्यांस सारखाच मिळाला. लोक मदतीस कां आले ह्याचीं कारणें शोधतां दोन सांपडलीं: मदत घराजवळ होती, आणि मदत करणाराशीं मोकळेपणानें बोलतां येत होतें. ह्या दोहोंपैकीं एकासही मोठी इमारत लागत नाहीं. तरी २७ ह्या आंकड्यानें फुगून जाऊं नये. शंभरांतील ७३ लोक त्यानंतरही एकटेच राहिले होते. त्यांच्यापर्यंत जाण्याचें काम शिल्लक आहे.

आतां सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळूं. समजा, एखादा तरुण रात्रीं उपदेशकाच्या दारीं येतो आणि म्हणतो, "कोणास सांगणार नाहीं अशी शपथ घ्या, मग सांगतो." शपथ घेतल्यावर तो सांगतो कीं, त्यास जगणें नको झालें आहे. आतां उपदेशकानें काय करावें? वचन पाळणें हा धर्म, आणि जीव राखणें हाही धर्म. दोन धर्म एकमेकांस आडवे आले.

ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो ह्यानें आपल्या ग्रंथांत सॉक्रेटिसाच्या तोंडून असाच एक प्रश्न विचारविला आहे. मित्रानें शुद्धीवर असतांना आपलें शस्त्र तुमच्यापाशीं ठेव म्हणून ठेविलें, आणि पुढें भ्रमिष्ट होऊन तें परत मागितलें, तर तें द्यावें काय? ठेव परत करणें हा न्याय आहे. तरीही त्या घटकेस शस्त्र हातीं देणें हा न्याय होणार नाहीं, हें कोणीही सांगेल. कारण ठेव राखावयाची ती मित्राच्या हितासाठीं, आणि त्याच्या घातास कारण होईल अशा रीतीनें ती परत करणें म्हणजे ठेवीचा हेतूच मारणें होय. गुपिताचेंही तसेंच आहे. सांगणाऱ्याचें संरक्षण व्हावें म्हणून गुपित राखावयाचें असतें. तें राखल्यानें जर सांगणाराच नाहींसा होणार असेल, तर आपण गुपित कोणासाठीं राखिलें?

कोणी म्हणेल, असें असेल तर दुसऱ्याच्या हिताच्या नांवाखालीं वाटेल तें वचन मोडतां येईल, आणि मग आपल्याजवळ कोण मन मोकळें करील? हा आक्षेप खरा आहे व तो हलका मानतां येत नाहीं. म्हणून ह्या सवलतीस कुंपण घातलें पाहिजे. पहिलें असें कीं, बिनशर्त शपथ मुळीं घेऊंच नये. आरंभींच सांगावें, "बाबा, तुझी गोष्ट मी चव्हाट्यावर नेणार नाहीं, पण तुझ्या जिवास धोका आहे असें दिसलें, तर मी एकटा राहणार नाहीं आणि तुलाही एकटा राहूं देणार नाहीं." दुसरें, जीव धोक्यांत असेल किंवा लहान मुलावर कोणी अत्याचार करीत असेल, तरच गुपित उघडावें, प्रेमप्रकरण, परीक्षेंतील चूक किंवा घरचें भांडण कळलें म्हणून उघडूं नये. तिसरें, त्याच्या पाठीमागें नव्हे, तर त्यास सांगून, आणि होईल तर त्यास बरोबर घेऊन सांगावें. चवथें, ज्यास सांगितल्यानें मदत होईल अशा एका-दोघांसच, आणि जेवढें लागेल तेवढेंच सांगावें. मारहाण करणाऱ्या बापास सांगून उपयोग नाहीं. समजूतदार मामा, आत्या किंवा डॉक्टर ह्यांस सांगावें. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्यास केवळ मरावयाचेंच आहे तो सांगावयास येत नाहीं. जो आला, त्याच्या मनाचा एक भाग अजून कोणीतरी आपणांस धरावें अशी वाट पाहत आहे. गुपित उघडणारा त्या भागाशीं इमान राखतो.

ह्याच्या उलट बाजूचा दोषही स्पष्ट सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या मंडळ्यांत अधिक आढळतो. प्रार्थनेच्या निमित्तानें एखाद्या मुलीचें नांव व तिची सर्व कहाणी भर सभेंत सांगितली जाते. सांगणाऱ्याचा हेतु चांगला असतो. परंतु विहिरीवर दुसऱ्या दिवशीं तेवढाच एक विषय होतो, आणि ती मुलगी पुनः कधीं कोणाजवळ बोलत नाहीं. देवास नांव ठाऊक आहे. सभेस तें सांगण्याची गरज नाहीं.

आतां ऐकणाऱ्यानें काय करावें? ईयोबाच्या तीन मित्रांस आपण दोष देतों. पण आरंभीं ते सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशीं जमिनीवर मुकाट्यानें बसले होते, हें आपण विसरतों. त्यांची चूक ते बोलूं लागले तेव्हां झाली. त्यांनीं दुःखाचें कारण दुःखिताच्याच माथीं मारिलें. म्हणून प्रथम ऐकावें. "ह्याहून मोठीं दुःखें लोकांनीं सोसलीं" असें म्हणूं नये; दुसऱ्याचें गळूं मोठें आहे हें ऐकून आपलें ठणकावयाचें थांबत नाहीं. दुसरें, संशय आल्यास सरळ विचारावें, "तुझ्या मनांत जीव देण्याचा विचार येतो काय?" विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो, ही भीति खोटी आहे, उलट विचारल्यानें मुलास हायसें वाटतें, कीं हें बोलतां येण्यासारखें आहे. तिसरें, उत्तर होय असें आल्यास त्यास क्षणभरही एकटें ठेवूं नये. फवारणीचीं औषधें घरांत, आढ्यास किंवा खाटेखालीं ठेवण्याची आपली रीत आहे, ती आजच बंद करावी. तीं कुलुपांत ठेवून किल्ली जाणत्या माणसाजवळ द्यावी. अशा लाटा पुष्कळदां थोड्या वेळाच्या असतात. त्या वेळीं घातक वस्तु हाताशीं नसली, तर लाट ओसरते आणि मनुष्य उरतो.

चवथें, त्याच्याबरोबर जावें. "डॉक्टरास दाखीव" असें सांगणें सोपें आहे; एस. टी. च्या बांकावर त्याच्या शेजारीं बसणें हें खरें साहाय्य. प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा ग्रामीण रुग्णालयांत प्रथम विचारावें; किशोरवयीन मुलामुलींसाठीं सरकारी दवाखान्यांत 'मैत्री' नांवाचे सल्लाकक्ष असतात. अमरावतीस जिल्हा सामान्य रुग्णालयांत, ज्यास लोक अजून इर्विन म्हणतात, आणि अकोल्यास सर्वोपचार रुग्णालयांत चौकशी करावी. प्रवासाची सोय नसेल, किंवा मध्यरात्र असेल, तर १४४१६ ह्या क्रमांकावर टेलिफोन करावा. 'टेली मानस' नांवाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. तिला पैसे पडत नाहींत, ती रात्रंदिवस चालते, आणि मराठींत बोलतां येतें. जिवाचा धोका समोर असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. मेळघाटांत प्रथम भुमक्यास बोलावण्याची चाल आहे. त्याच्याशीं वैर धरण्यापेक्षां, त्यासही दवाखान्याच्या वाटेवर आपल्याबरोबर घेतलें तर काम लौकर होतें.

पांचवें, धीर ठेवावा. सर्वांसच औषध लागतें असें नाहीं; पुष्कळांस जाणत्या समुपदेशकाशीं कांहीं आठवडे बोलल्यानेंच गुण येतो. ज्यांस गोळ्या दिल्या जातात त्यांचा गुण दिसूं लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून आठ दिवसांत फरक नाहीं असें म्हणून त्या टाकूं नयेत, आणि बरें वाटूं लागलें म्हणून डॉक्टरास न विचारतां बंदही करूं नयेत. तरुणांवर पहिल्या कांहीं आठवड्यांत घरच्यांनीं विशेष लक्ष ठेवावें, आणि बेचैनी वाढल्यास लगेच डॉक्टरास कळवावें.

कायद्याची भीतीही पुष्कळांस अडविते. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या मुलास दवाखान्यांत नेलें तर पोलीस त्यास कोर्टांत उभें करतील, असें समजून घरचे लोक मोलाच्या घटका गमावितात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालीं झाला व २९ मे २०१८ पासून अमलांत आला. असा प्रयत्न करणारा मनुष्य अत्यंत मानसिक ताणाखालीं होता असें धरून चालावें, त्यास शिक्षा करूं नये, आणि त्याची काळजी व उपचार करण्याचें कर्तव्य सरकारचें आहे, असें तो कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली. तींत पूर्वीचें ३०९ कलम ठेविलेलें नाहीं. तसेंच २५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनीं शिकलेला समुपदेशक नेमावा असा आदेश दिला आहे. आपल्या मुलांच्या शाळेंत व शिकवणी वर्गांत तो आहे काय, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक आईबापास आहे. तो विचारावा.

शेवटीं तरुणांनो, तुमच्याशीं दोन शब्द. तुम्हांपैकीं कोणी हें वाचीत असतां मनांत म्हणत असेल कीं, माझें कोणीच ऐकणार नाहीं. एकानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्यास सांगा. बाप चिडला तर आईस, आई घाबरली तर शिक्षकास, तेही नको असेल तर अनोळखी माणसास १४४१६ वर. पहिलें दार लागलेलें दिसलें म्हणून सबंध गांव ओसाड आहे असें समजूं नका. परीक्षेचा निकाल हा एका वर्षाच्या अभ्यासाचा निकाल असतो, तुमचा नव्हे. नापास झालेल्यांसाठीं त्याच वर्षीं पुरवणी परीक्षा असते, आणि भरतीची एक संधि हुकली तरी दुसरी वाट निघते. तुम्ही घरास ओझें झालां आहां असें तुमचें मन सांगत असेल, तर तें दुखण्याचें बोलणें आहे असें जाणा. ज्यांनीं आपलें मूल गमावलें आहे त्या आईबापांस विचारून पाहा. ओझें कमी झालें असें त्यांपैकीं एकही सांगणार नाहीं.

तात्पर्य, मनाचें दुखणें सांगणें ही दुर्बलता नाहीं. सांगण्यास धैर्य लागतें, आणि ऐकण्यास त्याहून अधिक. वडील मंडळींनो, ह्या आठवड्यांत आपल्या गांवांतील जो मुलगा किंवा जी मुलगी अलीकडे गप्प झाली आहे, तिच्या घरीं जा. उपदेश बरोबर नेऊं नका. बसा, चहा घ्या, आणि कसें चाललें आहे तें विचारा. "काही नाही" असें उत्तर आलें, तर उठूं नका. आणखी थोडा वेळ बसा.